वजीर उदयमती आणि खारटोकचा कोपरा

एका राज्यात चौसष्ट गावं होती. एक पांढऱ्या मातीचं, त्याला लागून एक काळ्या मातीचं, पुन्हा पांढऱ्या, पुन्हा काळ्या, असं डोंगरापासून खाडीपर्यंत. ही रचना मुळातली नव्हे. पूर्वी तिथली माती चारचौघांसारखीच होती, जिथं जशी पडली तशी. पण एकदा भर दरबारात एका पाहुण्यानं राजा शार्दूलसेनाला विचारलं, "महाराज, एक डाव टाकायचा का?" आणि राजा म्हणाला, "टाकू." त्याला कशालाच नाही म्हणता येत नसे. तो त्याचा मोठेपणाही होता आणि खोडही.

पाहुणा होता धूम्रकेश जादूगार. त्याच्या डोक्यावर केसांच्या जागी धूर होता. त्यानं खांद्यावरचा शेला काढून जमिनीवर अंथरला. तो शेला पसरत पसरत दरबाराबाहेर गेला, वेशीवरून उतरला, शेतं ओलांडून खाडीला जाऊन टेकला, आणि अवघ्या राज्याचा बुद्धिबळाचा पट झाला. दरबारी मंडळींनी वाहवा केली. त्यांना वाटलं, करमणूक आहे.

धूम्रकेशाच्या पटाचा कायदा असा होता. एक चाल यानं करायची, एक त्यानं. जो मारला जाईल तो शिसवी लाकडाचा होऊन डोंगरापलीकडच्या पेटीत जाऊन पडेल. ज्या राजावर मात होईल त्याचं सगळं राज्य लाकडाचं होईल. माणसं, गुरं, चुलीवर उतू जाणारं दूधसुद्धा. पण डाव कुणालाच जिंकता आला नाही, तर मात्र पट मोडेल आणि लाकडाला जीव येईल. डाव न जिंकला जाण्याचे रस्ते दोन. पटावर तेच चित्र तिसऱ्यांदा उमटलं, तर डाव मोडला. आणि ज्याची पाळी आहे त्याच्या राजाला शह नाही, पण पाऊल टाकायला एकही जागा उरलेली नाही, अशी कोंडी झाली आणि त्या राजानं ती कबूल केली, तर त्याला जिच म्हणायचं. तिथंही डाव मोडला. पाळी कुणाची हे सांगायला राजवाड्याच्या कळसावर कोतवाल पक्षी बसे. काळा कुळकुळीत, शेपूट दुभंगलेली, आवाज खणखणीत. नाव कोतवाल असूनही तो कुणाकडून काही घेत नसे.

राजा शूर होता, म्हणून भराभर हरला. हत्ती पुढं घातले, ते गेले. उंट गेले, घोडे गेले, प्यादी तर कधीच गेली. धूम्रकेशाचंही पुष्कळ गेलं, नाही असं नाही. पण शेवटी त्याचं एक प्यादं शिल्लक राहिलं आणि राजाचं एकही राहिलं नाही. त्या खेळात राज्य जायला एवढं पुरतं.

आता राजाकडे उरली होती फक्त त्याची वजीर, उदयमती.

उदयमती जन्माची वजीर नव्हती. ती होती प्यादं. एका जुन्या लढाईत एकेक गाव चालत, मागं वळायची मुभा नसताना, ती शत्रूच्या शेवटच्या रांगेत पोचली होती आणि त्या पायपिटीबद्दल तिला वजिरी मिळाली होती. वजिराच्या पायात वेगळीच ताकद असते. सरळ किंवा तिरकी, हवी तितकी वाट ती एका चालीत जाई. तिनं पाऊल उचललं की गावं पायाखालून सरकत: दोरीवर वाळणारी लुगडी, उखळात चाललेलं कांडण, माना वर करून बघणाऱ्या कोंबड्या; आणि पाऊल टेकलं की ती राज्याच्या दुसऱ्या कडेला असे. लोकांना त्याचं नवल उरलं नव्हतं. "वजीरबाई गेल्या वाटतं," म्हणून ते उडालेली धूळ झटकत.

धूम्रकेशाकडेही वजीर होती, आरसेमुखी. तिच्या चेहऱ्याच्या जागी घासलेलं पितळ होतं आणि ज्याच्याकडे ती बघे तो त्या पितळेत दिसे. आणि होतं ते प्यादं, हैबती नावाचा एक रोड, काटक माणूस. तो एकेक गाव पुढं येत होता. त्याच्या वाटेच्या शेवटी, खाडीकाठच्या अखेरच्या ओळीत, कळमवेस नावाचं गाव होतं. हैबती कळमवेशीत शिरला की तो वजीर होणार. मग धूम्रकेशाकडे दोन वजीर होणार, आणि पुढं काय होणार ते पोराबाळांनाही कळत होतं. पोरं अंगणात लाकडी बाहुल्यांशी खेळेनाशी झाली होती.

राजा शार्दूलसेन तलवार उपसून कळमवेशीच्या रस्त्यावर उभा होता.

"महाराज," उदयमती म्हणाली, "आपण इथं का?"

"आमच्या घराण्याची रीत आहे, वजीर. संकट ज्या गावाच्या तोंडाशी, राजाचा मुक्काम त्या गावात. आमचे आजोबा पुरात कमरेइतक्या पाण्यात उभे होते."

रीत चांगली होती, पुरापुरती. उदयमतीनं धूम्रकेशाला शह द्यायला पाऊल उचललं, तोंडातून शब्द निघणार, एवढ्यात तिची नजर आरसेमुखीच्या पितळेवर पडली. त्यात ती स्वतः दिसत होती, आणि तिच्या बाजूला, दुसऱ्या रेषेत, तलवार उपसलेले महाराज दिसत होते. तिनं जीभ चावली. शह दिला असता तर आरसेमुखी मध्ये येऊन उभी राहिली असती आणि तिथूनच राजाला उलटा शह बसला असता. मग वजिराला वजीर गेली असती आणि पाठोपाठ राज्य. उदयमती मुकाट्यानं दुसरीकडं सरली. ती चाल फुकट गेली. हैबती एक गाव पुढं आला.

"पाळी धूम्रकेशाची!" कोतवाल ओरडला. धूम्रकेश विचार करायला बसला की त्याच्या डोक्यावरचा धूर दाट होई आणि तास न् तास जात. त्या वेळात उदयमती डोंगर ओलांडून पेटीकडे गेली; डोंगरापलीकडे पट नव्हता, तिथलं जाणंयेणं चालीत धरलं जात नसे. हरलेल्यांना विचारावं, असं तिच्या मनात आलं. जिंकणाऱ्यांकडून काही कळेल असं तिला वाटत नव्हतं.

पेटी देवळाएवढी होती. झाकण उघडंच होतं, कारण तिच्यातून कुणी पळून जाणार नव्हतं. आत ऊन तिरपं पडलं होतं आणि लाकडी हत्ती, लाकडी उंट, लाकडी घोडे एकमेकांवर कसेही पडले होते. तिनं हत्तीच्या सोंडेवर हात ठेवला. लाकूड झालेल्याला ऐकू येतं. कुणी हात लावला, तर थोडा वेळ बोलताही येतं.

"कपाळावर पाणी ओत," हत्ती म्हणाला. "फार दिवसांत अंघोळ नाही."

तिनं ओढ्यातून घागर आणून ओतली.

"राजाला लांब ने," हत्ती म्हणाला. "प्याद्यापासून जितका लांब जाईल तितका. मी त्याच्याजवळ होतो म्हणून मेलो. तो आडवा येतो." आणि पुन्हा गप्प झाला.

उंट म्हणाला, "बाभळीचा पाला." तिनं आणून त्याच्या लाकडी ओठांशी धरला. त्याला चघळता येत नव्हतं, पण वासानं तो सुखावला. "मी आयुष्यभर लांबून शह दिले. लांबून दिलेल्या शहाच्या मध्ये कुणीही येऊन उभं राहतं. अगदी शेवटी, वजीर, अंगाला अंग लागेल इतकी जवळ जा. मध्ये यायला जागाच ठेवू नकोस."

घोड्याला काही नको होतं. "माझं नाव घे," तो म्हणाला. "पेटीत पडल्यापासून कुणी घेतलं नाही."

"पारवा," उदयमती म्हणाली. त्याच्या पाठीवर बसून ती लढायला शिकली होती.

"कोपऱ्यातला राजा असेल," पारवा म्हणाला, "आणि वैऱ्याची वजीर त्याच्यापासून माझ्या एका उडीवर, दोन गावं सरळ आणि एक बाजूला, येऊन उभी राहिली, तर त्या राजाला शह नसतो आणि हलायलाही जागा नसते. ते गाव ध्यानात ठेव."

"मग त्या वेळी माझं काय व्हायला हवं?"

घोडा गप्प झाला. त्याचं बोलणं संपलं होतं, किंवा याचं उत्तर द्यायचं त्याच्या मनात नव्हतं.

उदयमती परत आली. राजा होता तिथंच होता, तलवार उपसलेली, हात भरून आलेला.

"महाराज, राज्याच्या पार टोकाला, मिठागरांपलीकडच्या कोपऱ्यात, खारटोक म्हणून गाव आहे. आपण तिथं जाऊन राहावं."

"संकट इथं आहे."

"म्हणूनच."

"लोक मला पळपुटा म्हणतील."

"म्हणतील, महाराज."

"आणि तुम्ही काय म्हणाल?"

"मी म्हणेन, महाराजांनी मला लढायला मोकळं रान दिलं."

राजानं तिच्याकडे पाहिलं. तिनं मान खाली घातली नाही. मग त्यानं तलवार म्यानात घातली. ती गोष्ट त्याला पूर येताना कमरेइतक्या पाण्यात उभं राहण्याहून जड गेली, हे उदयमतीला दिसलं, आणि तिला आपल्या राजाबद्दल माया वाटली. त्याआधी तिला त्याच्याबद्दल आदर होता. माया नव्हती.

राजाला एका चालीत एकच गाव ओलांडता येई. मधूनमधून उदयमती धूम्रकेशाला शह देऊन त्याला जागेवर खेळवी, पण राजा चालला की ती पाळी खर्च होई, आणि तेवढ्यात हैबती एक गाव पुढं सरके. रस्त्यात बायका दारं लावून घेत. एका गावात कुणीतरी म्हणालंच, "वजीरबाई राहिल्या मागं, आणि हे निघाले खाडीचं वारं खायला." राजानं ऐकलं आणि तो चालत राहिला. तो खारटोकला पोचला तेव्हा हैबती कळमवेशीच्या वेशीबाहेर येऊन ठेपला होता. त्याला आता एकच पाऊल टाकायचं होतं.

ते पाऊल त्याला टाकू द्यायचं नाही, एवढंच आता उदयमतीच्या हाती होतं. धूम्रकेशाला शह असला की आधी त्याला स्वतःचा जीव वाचवावा लागे. प्याद्याला हलवायला त्याला पाळी मिळत नसे. म्हणून शह, आणि शह, आणि पुन्हा शह. डोंगराच्या बाजूनं, खाडीच्या बाजूनं, तिरका, आडवा, उभा. मधेच आरसेमुखी आड येई, तेव्हा उदयमती दुसऱ्या अंगानं फिरून तिसऱ्याच गावातून हाक देई, "शह!" तिला झोप नव्हती, पण झोपेत चालल्यासारखं तिचं चाललं होतं. खालून तीच लुगडी, तेच उखळ, त्याच कोंबड्या सरकत. लोक सांगतात, त्या दिवसांत आपल्या डोक्यावर एक शब्द ढगासारखा सारखा फिरत असे.

दर वेळी हैबतीच्या डोक्यावरून जाताना तिला तो दिसे. वेशीबाहेर, एक पाय उचललेला, कळमवेशीकडे डोळे लावून. तिला त्याचा राग यायला हवा होता. पण तीही कधी काळी अशीच उभी राहिली होती, एक पाऊल बाकी असताना. वजिरीची हाव काय असते ते आपल्याला ठाऊक आहे, असं ती मनाशी म्हणे आणि नजर फिरवी.

एकदा ती खारटोकवरून गेली. राजा मिठागराच्या बांधावर उकिडवा बसला होता. मुकुट काढून त्यानं डोक्याला फडकं गुंडाळलं होतं. त्याच्यासमोर भागीरथी नावाची मिठागरवाली बाई कमरेवर हात ठेवून उभी होती.

"पाय काढा, म्हाराज! पाय काढा आदी."

"मी नुसतं बघत होतो, मीठ धरलं का."

"बघायचं ते बांदावरनं. पानी हललं का मीठ बिगाडतं. हितं काय करायचं नस्तं, बसून ऱ्हायचं असतं. तेच लई अवघड, तुमच्यासारख्याला."

राजानं पाय काढला. उदयमतीला हसू आलं, आणि लगेच ओसरलं. आजवर या माणसाला तिनं कधी स्वस्थ बसलेलं पाहिलं नव्हतं.

शहांना कंटाळून धूम्रकेशानं शेवटी एक धोरण धरलं. पळायचंच आहे तर शार्दूलसेनाच्या दिशेनं पळावं. वैऱ्याचा राजा जवळपास असला की उलट्या शहाची संधी मिळते. असा तो गाव गाव करत खारटोकजवळ आला. उदयमतीनं शह दिला. त्यानं बोटानं खूण केली, आणि आरसेमुखी मध्ये येऊन उभी राहिली. तिनं पितळी तोंड खारटोककडे वळवलं. पण पितळेत राजा दिसेना. तो तिच्या रेषेतच नव्हता, कोपऱ्यात होता.

उदयमतीनं बाजूनं दुसरा शह दिला. धूम्रकेश एक पाऊल सरला. आरसेमुखी होती तिथंच राहिली.

आणि उदयमतीला पारव्याचं बोलणं आठवलं. खारटोकपासून दोन गावं सरळ, एक बाजूला. बरोबर त्या गावात आरसेमुखी उभी होती. राजाला शह नव्हता, पण त्याच्या भोवतीच्या प्रत्येक गावावर ती पितळी नजर पडलेली होती. त्याला आता कुठंच हलता येत नव्हतं. सगळ्या राज्यात राजाकडचं हलू शकणारं एकच माणूस उरलं होतं, ती स्वतः.

घोडा का गप्प झाला ते तिला कळलं. ती भ्याली. हे सांगायलाच हवं, कारण पुढं लोकांनी गाणी रचली त्यात ती भ्यालेली नाही. ती भ्याली, तिला आपलं प्यादं असतानाचं गाव आठवलं, आणि मग तिनं पाऊल उचललं.

ती धूम्रकेशाच्या शेजारच्या गावात उतरली, दोघांमधला बांध तेवढा मध्ये. आरसेमुखीची नजर जिथं पोचत नव्हती असंच गाव तिनं निवडलं होतं.

"शह," ती म्हणाली. "मी हाताच्या अंतरावर आहे. मारा मला."

धूम्रकेशानं हात उचलला. त्याचा धूर आनंदानं सरळ वर गेला. पण तो फसणाऱ्यातला नव्हता. त्यानं आधी खारटोककडे पाहिलं, मग आरसेमुखीकडे, मग कळसावर मान तिरकी करून बसलेल्या कोतवालाकडे. हात खाली आला.

"तुला मारलं, तर शार्दूलसेनाची पाळी येते," तो सावकाश म्हणाला. "आणि त्याला हलता येत नाही. जिच."

"आपण सुज्ञ आहात."

तो मागं हटला. ती पुढं गेली. "शह. मारा मला." तो बाजूला झाला. ती बाजूला झाली. "शह." जादूगार पळत होता आणि एक बाई, मला मारा म्हणत, त्याच्या मागं मागं जात होती, गावकरी ओटीवर येऊन बघत होते आणि हे काय चाललंय ते कुणाला उमगत नव्हतं. फिरून धूम्रकेश पहिल्या जागी आला. तेच चित्र दुसऱ्यांदा उमटलं. कोतवालानं पंख झटकले. पुन्हा पळापळ, पुन्हा तेच बांध, आणि आता आणखी एक पाऊल मागं घेतलं तर तेच चित्र तिसऱ्यांदा उमटणार होतं.

धूम्रकेश थांबला. त्याच्या कपाळावरून धुराचे थेंब ओघळत होते.

"मी पळालो तरी डाव मोडतो," तो म्हणाला. "तुला मारलं तरी मोडतो. पण एक गोष्ट तू विसरलीस, उदयमती. जिच आपोआप होत नाही. राजानं स्वतःच्या तोंडानं सांगावं लागतं, की मला काही करता येत नाही. आणि तुझा राजा हे सांगणाऱ्यातला नाही. मी त्याला फक्त हाक मारेन. तो तलवार उपसेल, पाऊल टाकेल, आणि आरसेमुखीच्या नजरेत येऊन मरेल."

उदयमती हे विसरली नव्हती. ती याच एका गोष्टीला भीत होती.

"मारा," ती म्हणाली.

धूम्रकेशानं तिला हात लावला. पायाच्या बोटांपासून लाकूड वर चढलं, थंड, सुबक, शिसवी. जीभ गेली, डोळे गेले. कान राहिले. दुसऱ्या क्षणी ती डोंगरापलीकडच्या पेटीत, पारव्याच्या मानेला टेकून, तोंडावर पडलेली होती, आणि खूप दुरून तिला कोतवालाचा आवाज आला.

"पाळी महाराजांची!"

मग धूम्रकेशाचा. तो गोड आवाजात बोलत होता. "शार्दूलसेना! तुझ्यासाठी एक बाई मेली. तू मिठाच्या खाचरात बसून राहिलास. एक पाऊल टाकवत नाही तुला?"

मग म्यानातून तलवार सुटल्याचा आवाज आला. तो आवाज उदयमतीला ओळखीचा होता. लाकडाला रडता येत नाही, नाहीतर ती रडली असती.

"तुझे आजोबा पुरात उभे होते म्हणे. नातू चिखलात बसला. ये की बाहेर!"

आता गावकऱ्यांचेही आवाज आले. कुणी म्हणत होतं, "महाराज, पुढं व्हा." कुणी म्हणत होतं, "वजीरबाईंचा सूड घ्या." चांगलीच माणसं होती ती, चांगल्या मनानंच सांगत होती. त्यातून भागीरथीचा आवाज आला, मोठा नव्हे, शेजारच्याशी बोलावं तसा. "मीठ धरतंय, म्हाराज."

"धूम्रकेशा," राजा म्हणाला. त्याचा आवाज कापत होता, आणि ते त्यानं लपवलं नाही. "माझ्या वजिराला तू मारलंस. माझ्या अंगाची लाही होते आहे. आणि मी जागचा हलणार नाही, कारण मला हलायला जागा नाही. सगळ्यांनी ऐका. मी तुमचा राजा आहे आणि माझ्यानं आत्ता काही एक होत नाही." तलवार बांधावर ठेवल्याचा आवाज झाला. "मी इथं बसलो आहे."

"जिच!" कोतवाल ओरडला.

आणि पट उसवला. शिवण सुटावी तशी पांढरी माती काळीत मिसळली, काळी पांढरीत, जिथं जशी पडेल तशी. पेटीत आधी हत्तीनं सोंड हलवली. मग पारव्यानं फुरफुर केलं, आणि त्याच्या मानेच्या उबेनं उदयमतीच्या गालातलं लाकूड सुटलं. तिनं डोळे उघडले. सभोवती उंट उठत होते, प्यादी अंग झाडत होती, एकमेकांच्या पायांवर पाय देत होती, आणि कुणीतरी फार दिवसांची राहिलेली शिंक दिली.

आरसेमुखीच्या तोंडावरचं पितळ गळून पडलं. आत एक साधा, गोल, तीट लावलेला चेहरा होता. उन्हानं ती डोळे मिचकावत होती. धूम्रकेशाचा धूर विरला आणि टक्कल उघडं पडलं. रिकामी पेटी त्याच्या डोक्यावर चढून बसली, आणि ती वाहतच तो डोंगरापलीकडे गेला. त्याला कुणी अडवलं नाही, कुणी निरोपही दिला नाही.

उदयमती पारव्यावर बसून खारटोकला आली. राजा बांधावरच होता. खाचरात मीठ पांढरंशुभ्र धरलं होतं.

"आम्ही जिंकलो नाही," राजा म्हणाला.

"नाही, महाराज."

"हरलोही नाही."

"नाही."

"हे कुणाला सांगायचं कसं?" राजानं विचारलं, आणि मग त्याचा बांध फुटला. तो तिच्यासमोर लहान मुलासारखा रडला. उदयमतीनं त्याला रडू दिलं. घाई कशाचीच नव्हती.

राजवाड्याकडे परतताना ती कळमवेशीच्या वाटेनं गेली. वेशीबाहेर हैबती अजून उभा होता, एक पाय उचललेला. बाकी सगळे कधीच पांगले होते. पट मोडला हे त्याला कळलं होतं, पण इतक्या चालींनंतर विचारल्याशिवाय पाय टाकायची त्याची छाती होत नव्हती.

"बाईसाहेब," तो म्हणाला, "आता पाऊल टाकलं तर चालंल का?"

"टाक," उदयमती म्हणाली. "पण आता तिथं वजिरी नाही, हैबती."

"वजिरी कुनाला पायजे हुती? माझं गाव हाय हे. त्यानं हितनंच धरून नेला मला, आन् पार डोंगराच्या पायथ्याला नेऊन उबा केला. तवापासनं चालतोय."

इतके दिवस ती ज्याला अडवत होती, तो घरी निघालेला माणूस होता. तिचं अडवणं चुकलं नव्हतं. तरी ती घोड्यावरून उतरली आणि त्याला वाट देऊन बाजूला उभी राहिली.

हैबतीनं पाय टेकवला. काही झालं नाही. विजा नाहीत, मुकुट नाही. तो वेशीतून आत गेला, पिंपळ ओलांडला, आणि खालच्या आळीतल्या एका बुटक्या दाराशी वाकून उभा राहिला.

"कोन हाय?" आतून एका बाईचा आवाज आला.

हैबती नुसता खाकरला. आत भांडं खाली ठेवल्याचा आवाज झाला.

"दारात काय उबं ऱ्हायलात?" ती बाई म्हणाली. "किती चालून आला असाल. पाय धुवा आन् आत या."

त्यांचं घर त्यांना लाभलं. ही गोष्ट जो कान देऊन ऐकेल, त्याला त्याचं लाभो.